एका बेटावर दोन कायदे आणि आमचा अण्णा

फेब्रुवारीत टोरांटोहून कॅरिबियनला निघालेल्या माणसाने आपल्या हिवाळी कोटाचं काय करावं, याबद्दल एकाही शास्त्रकाराने अवाक्षर काढलेलं नाही. विमानतळाच्या पार्किंगमध्ये उणे अठरा, म्हणून घालावा लागतो. विमानात घाम फुटतो, म्हणून काढावा लागतो. बॅगेत तो मावत नाही. शेवटी मी तो तान्ह्या बाळासारखा काखोटीला मारून बार्बाडोसला उतरलो. इमिग्रेशनच्या बाईंनी माझ्याकडे नव्हे, कोटाकडे पाहून "वेलकम" म्हटलं.

आता निघण्याचं कारण. माझा थोरला भाऊ अण्णा, वय एकाहत्तर, निवृत्त इंजिनियर, टोरांटोच्या एटोबिको भागातल्या कॉन्डोत एकटा राहतो. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून तो सकाळी बसने रेसकोर्सवरच्या स्लॉट मशीन्ससमोर जाऊन बसतो आणि संध्याकाळी परततो. त्याची मुलगी मीनल कॅल्गरीला असते. जानेवारीत तिचा फोन आला, "काका, त्यांना आठवडाभर कुठेतरी घेऊन जा ना, समव्हेअर वॉर्म. बट नो मशीन्स, प्लीज!"

मी पाठशाळेत वाढलेला माणूस. हॉटेलांचे फोटो बघण्याआधी मी बेटाबेटांचे जुगाराचे कायदे वाचायला घेतले. मोठं रंजक वाङ्मय आहे! बहामात कॅसिनो पाहुण्यांसाठी उघडा आणि तिथल्याच नागरिकाला बंद. म्हणजे पाप करण्याचा अधिकार फक्त अतिथीला. केमन बेटांत सरसकट निषेध. जमैकात कॅसिनोचा कायदा झालाय, कॅसिनो अजून यायचाय. मशीन्स मात्र केव्हाच येऊन बसलीत. बार्बाडोसमध्ये घोड्यांवर पैसे लावा, लॉटरी घ्या, पण कॅसिनो नाही. आणि सेंट मार्टिन हे एकच बेट, त्याचे दोन देश: दक्षिणेच्या डच भागात कॅसिनोच कॅसिनो, उत्तरेच्या फ्रेंच भागात एकही नाही.

केमन खिशाला झेपेना. त्यात यंदा, २०१६ साली, आपला कॅनेडियन डॉलर अंथरुणाला खिळलेला. म्हणून चार दिवस बार्बाडोस आणि तीन दिवस सेंट मार्टिनची फ्रेंच बाजू असा बेत केला.

बार्बाडोस सोपं आहे. बसला दोन स्थानिक डॉलर, म्हणजे एक अमेरिकन. कुठेही चढा, कुठेही उतरा. गाडीतली गाणी मोठी, वळणं त्याहून मोठी. दुपारी फिश केक आणि मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, खावा. अण्णाने पहिल्याच दिवशी टॅक्सीवाल्याला विचारलं, "कॅसिनो कुठे आहे हो?"

"नो कॅसिनो, सर," तो म्हणाला. "चर्च आहे, रमचं दुकान आहे. आणखी किती ठिकाणी जाणार?"

अण्णा खो खो हसला. मी मनातल्या मनात त्या बेटाच्या संसदेला साष्टांग नमस्कार घातला. चार दिवस तो सकाळी समुद्रात डुंबला आणि दुपारी घोरला.

मग छोट्या, पंख्यांच्या विमानाने सेंट मार्टिन. विमानतळ डच बाजूला, आमचं हॉटेल फ्रेंच बाजूच्या मारिगोमध्ये. टॅक्सीत मी पासपोर्ट हातात घेऊन सीमेची वाट बघत बसलो. गाडी थांबलीच नाही. रस्त्याच्या कडेला एक पाटी गेली, बस.

"पंडित," अण्णा म्हणाला, "तुझी सीमा मागे पडली बरं का."

ग्रंथ वाचणाऱ्यांची ही नेहमीची चूक. कायदा दोन देशांचा, म्हणून मध्ये शिपाई, दांडी, शिक्का हे सगळं असणारच, असं मी धरून चाललो होतो. नकाशा मी पाहिलाच नव्हता. मारिगोहून डच राजधानी फिलिप्सबर्गला मिनीबस जाते. भाडं दोन-तीन अमेरिकन डॉलर, वेळ साधारण अर्धा तास.

पहिल्याच दुपारी बागेत, म्हणजे तो लांबलचक फ्रेंच पाव, आणि चीज अंमळ जास्त झालं आणि माझा डोळा लागला. उठलो तर अण्णाचा पलंग रिकामा, चपला नाहीत, टोपी नाही.

मी मिनीबस पकडली. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर क्रूझची गर्दी होती. आयुष्यात प्रथमच कॅसिनोत शिरलो. आत थंडगार, खिडकी नाही, घड्याळ नाही. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून एका मशीनपुढे बसून मान वळवून रांगा तपासल्या. सेविका येऊन उभी राहिली. लाजेने पाच डॉलर घातले. ते गेले. अण्णा नव्हता. दुसऱ्या कॅसिनोतही नव्हता. मीनलला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळायला लागली.

तिसऱ्याच्या वाटेवर दागिन्यांच्या एका दुकानातून हाक आली, "ए पंडित!"

अण्णा स्टुलावर बसून चहा पीत होता. समोर म्हातारे सिंधी मालक. अर्धा शब्द हिंदी, अर्धा इंग्रजी, गप्पा रंगलेल्या.

"आइए, छोटे भैया," मालक म्हणाले. "आपके भाईसाहब कब से बैठे हैं, एक अंगूठी भी नहीं ली."

अण्णाने माझा शर्ट हुंगला. "सिगरेटचा वास! गेला होतास ना? किती हरलास?"

"पाच डॉलर."

"मीनलला सांगू का?"

मी शेजारच्या स्टुलावर बसलो आणि पुढ्यात आलेला चहाचा कप उचलला. इतकं सुटल्यासारखं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. चहात वेलदोडा होता.

परतीच्या मिनीबसमध्ये मी सरळ विचारलं, "तू आत गेलाच नाहीस?"

"गेलो की. दोन मिनिटं. तिथे मला कोण ओळखतं? मजा नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आपल्याकडे रेसकोर्सवर ती मार्गारेट आहे, कॉफी आणून देते. हाऊ आर यू टुडे विचारते आणि उत्तर ऐकायला थांबते रे."

उरलेले दोन दिवस तो रोज त्या दुकानात गेला. मी खुशाल झोपलो.

परतून आठवडा झाला. मीनल खूश आहे. तुम्ही जाणार असाल तर बार्बाडोसला जास्त दिवस द्या, आणि सेंट मार्टिनला गाडी घेतलीत तर डच बाजूचा पूल बोटींसाठी कधी वर जातो ते विचारून निघा. कायदे मला आता पाठ आहेत आणि मशीन्सची भीती पुष्कळ कमी झाली आहे. काळजी वाटते ती ही: अख्ख्या टोरांटोत अण्णाचं उत्तर ऐकायला थांबणारं माणूस एकच आहे, आणि ते मी नाही. मी राहतो त्या ग्वेल्फहून एटोबिको गाडीने तासाभरावर आहे. या हिवाळ्यात, ही सहल सोडली तर, मी तिथे एकदाच गेलो.