साडभाऊंना वर नेलं तो दसरा

आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना माझ्या विमानाची वरात अजून आठवते. विमान उडालेलं कोणाला आठवत नाही. पाच वर्षं मी ते उडवलं, कितीदा नागपूरला नेलं आणि परत आणलं, पण माणूस भेटला की विचारणार ते वरातीचंच, आणि विचारताना दात काढणार. ती वरात काढली माझ्या साडूने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. हा माणूस माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, त्यामुळे त्याला अहोजाहो करावं लागे आणि वाकून नमस्कारही करावा लागे. लिहिताना मात्र मी त्याला अरेतुरेच करणार आहे. एवढा तरी हक्क मला पाहिजे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. विमान शिकायचं तर नागपूर गाठावं लागे. आम्ही मुळात बागाईतवाले, मिरची, वांगी, केळी लावणारे. वडिलांनी पुढे खामगावच्या बाजूला कापसाचं जिनिंग टाकलं आणि घर वर आलं. साडभाऊ पिंपळगाव राजाकडचा, सात पिढ्यांचा जमीनदार. सासुरवाडी देऊळघाटला. तिथे पंगतीत तो मला हाक मारायचा ती ‘भाजीवाले’ म्हणून. लोक हसायचे, सासरेही मिशीतल्या मिशीत हसायचे आणि मी भाताकडे बघत बसायचो. मग मी विमान घेतलं. हौस होतीच, पण खरं सांगायचं तर या माणसाच्या डोक्यावरून एकदा जायचं होतं.

विमान दोन माणसांचं. पुढे एक खड्डा, मागे एक, चालवणारा मागे बसतो. पंख लाकडाचे, त्यावर ताणलेलं कापड आणि कापडाला रोगण. गुरांना त्या रोगणाची कसली चटक असते देव जाणे. पहिल्याच आठवड्यात एका म्हशीने शेपटाचा कोपरा चाटून चाटून मऊ केला, तेव्हापासून मी बाभळीच्या काट्यांचं दुहेरी कुंपण घातलं. मला शिकवणारा म्हातारा पारशी होता, तोंडाचा फार वाईट. त्याने एक गोष्ट माझ्या अंगात मुरवली होती. उडायच्या आधी विमानाभोवती एक पूर्ण फेरी घालायची आणि प्रत्येक वस्तूला हात लावून बघायचं. पेट्रोल कातड्यातून गाळून त्यात पाणी नाही ना ते बघायचं, पंखांमधल्या तारा ओढून बघायच्या, चाकं बघायची. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. कलेक्टर साहेब येऊन उभे राहिले तरी फेरी अर्धी सोडायची नाही, असं तो म्हणायचा.

आता वरात. पहिल्याच वर्षी नागपूरहून येताना ढगांनी अडवलं आणि मी पिंपळगाव राजाजवळच्या एका शेतात उतरलो. वरून जमीन कोरडी दिसत होती. खाली काळी माती, आदल्या दिवशीच्या सरीने आतून लोणी झालेली. चाकं रुतली, विमानाने नाक जमिनीत खुपसलं आणि पुढचा पंखा मोडला. मला काही झालं नाही. हे शेत कोणाचं, तर साडभाऊच्या चुलत्याचं. तासाभरात तो आला. सोबत आठ बैल, दोन गाड्या जोडून केलेली एक लांब गाडी, आणि डफडंवाले. मी म्हटलं, “साडभाऊ, डफडं कशाले?” तो म्हणाला, “नवरदेव पायीच नेतात का बे? तू बस वर.” मोडक्या पंख्याला त्याने बाशिंग बांधलं. मी बसलो नाही, गाडीमागून चालत गेलो, ते आणखी वाईट दिसलं. भर बाजारातून, वाजतगाजत, आमच्या दारापर्यंत. वडील बाहेर आले. त्यांनी बाशिंग बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत जाऊन फेटा उतरवला. त्यानंतर ते कधी बाजाराला गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. तापाने वारले, डॉक्टर तेच म्हणाला. मी मात्र ते वरातीने गेले असंच धरून चाललो, आणि कोणाचं ऐकलं नाही.

दोन वर्षं मी वाट बघितली. विमान दुरुस्त केलं, हात पक्का केला, त्या पारशी म्हाताऱ्याकडून कोलांट्या शिकून घेतल्या. त्या शिकायची मला गरज नव्हती. जिनिंगमधला हिशेबनीस नि मिस्त्री म्हणायचे, मालकाला नाद लागला. नाद कसला, मी रोज मनात साडभाऊला पुढच्या खड्ड्यात बसवून उलटा टांगत होतो. खाली उतरल्यावर त्याचं तोंड कसं दिसेल, धोतर कसं दिसेल, कोणकोण बघत असेल, हे सगळं माझं ठरलेलं होतं.

दसऱ्याला मी सगळ्या सासुरवाडीला आमच्या गावी बोलावलं. निमित्त खंडेनवमीचं. त्या दिवशी आपण अवजारांची पूजा करतो, नांगर, विळा, वजनमाप, जिनिंगमधली यंत्रं, तसं विमानही पूजायचं. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर, जिथून मी उडायचो, तिथे बायकोने रांगोळी काढली. नारळ मी फोडणार, हळदकुंकू मी लावणार, हे उघड होतं. विमान माझं. पण सासरे म्हणाले, “थोरल्या जावयाचा मान आहे.” माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ताट साडभाऊच्या हातात दिलं आणि मी पाठ फिरवून बाभळीच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. तो काय करतोय ते बघवेना. मागून बायको एवढंच म्हणाली, “अहो, किती मन लावून करताहेत, बघा तरी.” मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. तिसऱ्या प्रहरी सगळं गाव सोनं लुटायला शिवेकडे निघालं होतं आणि शिवेची वाट माझ्या माळावरूनच जाते. मला तेच पाहिजे होतं. चारशे-पाचशे माणसं कुंपणाबाहेर थांबली. मी सगळ्यांसमोर हात जोडून म्हटलं, “साडभाऊ, काल पूजा तुम्ही केली, पहिला मान तुमचाच. बसा.” त्याचा चेहरा उतरला, मी तो डोळे भरून बघितला. नाही म्हणायची सोय नव्हती. त्याची बायको, माझी मेव्हणी, पदर तोंडाशी धरून उभी होती. ती मला म्हणाली, “भाऊजी, नीट न्या हो त्यांना.” मी हो म्हटलं.

मी फेरी घालायला लागलो. पेट्रोल बघितलं, शेपूट बघितलं, उजवा पंख झाला. एवढ्यात साडभाऊ त्याची भीती लपवायला ओरडला, “काऊन बे, वडाले फेरे घालून राह्यला का? उपासबी धरला आसंल तं सांग.” माळावर हशा पिकला. तोच हशा, वरातीतला. मी डाव्या पंखाशी पोचलोच नाही. तिथूनच परत फिरलो आणि म्हटलं, “चला, बसा आत.”

त्याचा पट्टा मीच बांधला. खांद्यावरून दोन, मांड्यांवरून दोन, मधे खिट्टी. पट्ट्याला ओळीने छिद्रं असतात. माणूस घट्ट बसतो त्या छिद्रात मी खिट्टी घातली नाही, त्याच्या दोन छिद्रं अलीकडे घातली. हे चुकून झालं नाही. मी स्वतःला सांगितलं की पडणार नाही, नुसता लोंबकळेल, जीव घशाशी येईल. पडला तर काय, हा विचार आला होता का? आला होता. मी त्या विचाराला थांबू दिलं नाही, एवढंच सांगतो.

मिस्त्रीने पंखा फिरवला, इंजिन लागलं, आम्ही सुटलो. सबंध वेळ मी समोरच्या वेग-उंचीच्या काट्यांकडे न बघता त्याच्या मानेकडे बघत होतो. लाल, जाड मान. जमीन सुटल्याबरोबर एक धक्का बसला आणि तो पुढे वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. मला वाटलं ओकतोय, नाहीतर देवाचं नाव घेतोय. मी मोठ्याने हसलो. इतकं सुख मला त्या विमानात आधी कधी झालं नव्हतं.

गाव चार बोटांएवढं दिसेपर्यंत वर गेलो. कोलांटी घालायची तर आधी नाक खाली करून वेग घ्यावा लागतो, आणि तो किती झाला ते काट्यावर बघायचं. कमी पडला तर विमान वरच्यावर उलटं अडकतं. मी नाक खाली केलं आणि काट्याकडे बघितलं. काटा शून्यावर. आम्ही सुसाट चाललो होतो आणि काटा म्हणत होता की विमान माळावर उभं आहे.

डाव्या पंखाच्या दांड्याला शिट्टीएवढी बारीक नळी असते. तिच्या तोंडातून वारा आत शिरतो, त्यावर तो काटा चालतो. मी मान वळवून तिकडे बघितलं. नळीच्या तोंडावर हळदीकुंकवाचा गोळा, वर अक्षता, वाळून सिमेंट झालेला. साडभाऊने काल प्रत्येक टोकाला टिळा लावला होता. त्याला वाटलं असेल हे विमानाचं नाक, म्हणून तिथे जरा जास्तच लावला. आणि मी डाव्या पंखाला हात लावला नव्हता.

कोलांटी राहिली बाजूला. उतरायचं कसं? उतरताना वेग कमी झाला तर विमान दगडासारखं खाली येतं, जास्त झाला तर माळ संपतो आणि पुढे नाला आहे. मी सगळा राग गिळला आणि ऐकायला लागलो. तारांमधून वारा शिट्टी घालतो, ती बारीक झाली की वेग आहे, जाड झाली की कमी. हातातला सुकाणूचा दांडा सैल पडला की सांभाळायचं. दोन घिरट्या घालून नुसतं ऐकलं. पुढे ती लाल मान, हलत नव्हती. त्या मानेखालच्या दोन छिद्रं ढिल्या पट्ट्याची मला आता जी आठवण झाली, तशी कशाचीच कधी झाली नाही. आपटलो तर हा पुढे फेकला जाईल आणि मी वाचेन. मी मेव्हणीला हो म्हटलं होतं.

वेग जास्तच ठेवला. चाकं मुरमावर टेकली, विमान उसळलं, परत टेकलं, परत उसळलं, आणि नाल्याच्या अलीकडे पंचवीस पावलांवर थांबलं. मी उडी मारून पुढे धावलो, कोणी यायच्या आत त्याचा पट्टा सोडायला. खिट्टीला हात घातला आणि तसाच राहिलो. खिट्टी शेवटच्या छिद्रात होती. पट्टा त्याच्या अंगात रुतेल इतका घट्ट. तो वाकला होता तो ओकायला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. मग त्याने खिट्टी स्वतःच काढली.

माणसं आली तसा तो उठून उभा राहिला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, “गडी पाहा तं असा पाहा. पाळण्यात बसवल्यावानी आनलं यानं मले.” मग त्याने आपट्याची पानं माझ्या हातात दिली. मला वाकून नमस्कार करावा लागला. मेव्हणी रडत होती, माझी बायको अभिमानाने माझ्याकडे बघत होती. मी मात्र त्या खिट्टीकडे बघत होतो.

त्याने कोणाला सांगितलं नाही. मी महिनाभर वाट बघितली, दिवाळीला देऊळघाटला गेलो तेव्हा पंगतीत कान टवकारून बसलो. काही नाही. उलट ‘भाजीवाले’ म्हणणंही बंद झालं. डफडं लावून गावभर सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो, कोर्टात गेलो असतो. पण तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याचा मला इतका संताप यायचा की रात्री जेवण जायचं नाही. माझा सूड माझ्या हातून गेला होता, आणि त्याचा अजून त्याच्या खिशात होता.

चैत्रात एका सकाळी त्याची बैलांची दमणी माझ्या माळावर आली. आत मेव्हणी, पोट धरून कण्हत होती. बुलढाण्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, नागपूरला न्या, आजच्या आज. आगगाडीने दुसरा दिवस उजाडला असता. साडभाऊने तिला दोन्ही हातांवर उचलून आणलं, पुढच्या खड्ड्यात बसवलं. मी पट्टा घ्यायला हात पुढे केला. त्याने माझा हात धरला, जोरात नाही, आणि बाजूला केला.

“तू चालव,” तो म्हणाला. “पट्टा मी बांधतो.”

त्याने एकेक पट्टा ओढून बांधला, परत ओढून बघितला. मग मला म्हणाला, “तुह्या फेरीले किती येळ लागते?” मी फेरी घातली. तो माझ्यामागून चालत होता आणि मी जिथे हात लावला तिथे तोही लावत होता. डाव्या पंखाच्या नळीशी तो थांबला, तिच्या तोंडाला बोट लावून बघितलं आणि दूर झाला. त्याला माझ्यावर विश्वास नव्हता, आणि तरी त्याने बायको माझ्या हवाली केली होती, कारण दुसरा कोणी नव्हता. यापेक्षा मोठा सूड मला आयुष्यभर विचार करूनही सुचला नसता. त्याला तो सूड वाटलाच नाही, हे मी आजही त्याला माफ केलेलं नाही.

नागपूर अडीच तास. मेव्हणी वाचली. त्या अडीच तासांत मी काट्यांकडे बघितलं, तारा ऐकल्या, आणि उरलेला वेळ तिच्या खांद्यावरच्या त्या पट्ट्याकडे बघत होतो.