बाबांचा राहिलेला टोला

आमच्या घरात बाजा सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. बंद करायला लागते.

नियम बाबांचा. वाटूर फाट्यावर त्यांची बँड पार्टी होती. बाबांच्या गळ्यात मोठा ढोल, हातात गादीची, म्हणजे टोकाला कापडाचा गोळा बांधलेली काठी, आणि पुढे-मागे क्लॅरोनेट, ताशा, साइड ड्रम, खुळखुळे (खुळखुळेवाला दर हंगामात नवा, कारण जुन्याचं तोवर लग्न झालेलं असायचं आणि बायको पाठवायची नाही!). वरात मांडवाच्या दारात पोचली, की सगळी वाद्यं थांबायची. मग बाबा एकटे, ढोलावर एकच टोला मारायचे. धूम्म! हा आखरी टोला. तो पडेपर्यंत कुणी वाद्य खाली ठेवायचं नाही, पाणी प्यायचं नाही, तंबाखूसुद्धा मळायची नाही. "सुरू कोनीबी करतं," बाबा म्हणायचे, "बंद मालकानं करायचं."

बाबा गेले ते अशाच एका वरातीतून. अर्ध्या वाटेवर छातीत कळ आली. गळ्यातला ढोल काढून त्यांना जीपमध्ये घातलं आणि जालन्याला नेलं. नवरदेव तसाच घोड्यावर राहिला. दवाखान्यात त्यांनी संजूला, माझ्या धाकट्या भावाला, पहिलं काय विचारलं असेल? "आखरी टोला कोनी मारला रे?"

"कोनीच न्हाई, बाबा. तुमी आल्यावर मारा."

ते आलेच नाहीत. ढोल वर्षभर भिंतीला टांगलेला राहिला, आणि आमच्या आईच्या हिशेबात ती वरात चालूच राहिली. संजू साइड ड्रम वाजवायचा, त्यानं काठ्या गुंडाळून ठेवल्या आणि मोसंबीची गाडी चालवायला लागला. पहिल्या स्मृतिदिनाच्या आधी आईचा मला फोन आला.

"माया, तू आन् संजू मिळून वाजवा त्या दिवशी. आन् त्यांचा टोला राह्यलाय, तेवढा पाडून टाका. रोज त्या ढोलाखाली झोपते मी. झोप येत न्हाई."

आता माझ्याविषयी. मी आणि माझा नवरा अमोल पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी दोन लॅपटॉप जोडून कार्यक्रम करतो. आवाज तयार करायचे, ते वाकवायचे, एकमेकांत मिसळायचे. आधी काहीच ठरवायचं नाही, त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. आईला हे एकदा समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "काहीच ठरवत न्हाई? मंग लोक थांबतात कशाला?"

बाबा तर याला बाजा मानायलाच तयार नव्हते. लहानपणी त्यांनी मला ढोल शिकवायचा मनापासून प्रयत्न केला होता. पण माझा टोला कातड्यावर कमी आणि ढोलाच्या लाकडी कडेवरच जास्त पडायचा. शेवटी त्यांनी हात जोडले. "माये, तुझा हात लाकडाचा हाय!" पुढे गावोगावी डीजे आले, बँडच्या सुपाऱ्या आटल्या, आणि नेमक्या त्याच वर्षी त्यांच्या लेकीनं लॅपटॉप घेतला! घरभेदी म्हणजे आणखी काय असतं? "बटन दाबून घाम येतो का?" एवढंच विचारायचे. माझा एकही कार्यक्रम त्यांनी ऐकला नाही. मला फार वाटायचं, एकदा तरी ऐकावा. आता ऐकवायला गेले, तर समोर हार घातलेला फोटो होता.

स्मृतिदिनाला अंगणात मांडव घातला होता. भंतेजींनी वंदना घेतली, चार माणसं बोलली. त्यानंतर आमचं वाजवणं, मग टोला, मग जेवणं. भंतेजींचं भोजन मध्यान्हाच्या आत व्हायला हवं, त्यामुळे आम्हाला थोडक्यात आटपायला बजावलं होतं. टेबलावर दोन लॅपटॉप, शेजारी संजूचा साइड ड्रम, आणि त्याच्या डाव्या हाताला स्टुलावर बाबांचा ढोल. मांडणी अगदी देखणी होती.

मी वायरी जोडत होते, तेवढ्यात बाबांची चुलत बहीण पारूआत्या येऊन समोर उभी राहिली. हातात आधार कार्ड!

"अंगठा कुठं देऊ गं?"

"कसला अंगठा, आत्या?"

"ऑनलाइनचा! दोन-दोन कम्प्युटर घेऊन बसलीस, मंग शिबिरच हाय ना?"

आत्याच्या मागे बघते, तर रांग लागलेली! कुणाकडे रेशन कार्ड, कुणाकडे सातबारा. गावात टेबलावर लॅपटॉप दिसला, की तो सरकारी कामाचाच असतो, हे मी पुण्याला जाऊन विसरले होते.

"आत्या, हे गाण्याचं आहे."

"असू दे. गानं झाल्यावर कर. मी हितंच बसते." आणि ती खरोखर टेबलाला टेकून बसली.

मामांनी माईक घेतला. "आता आपली माया आन् जावईबापू कम्प्युटरमधून आदरांजली वाहतील!" मी डोळे मिटले, बाबांना आठवलं आणि पहिला स्वर सोडला. खोल, जमिनीतून आल्यासारखा. घुंऽऽऽ...

"अरे, अर्थिंग गेलं! बंद करा जल्दी! शॉक बसंल कोनाला!" मामा ओरडले आणि धावत जाऊन त्यांनी स्पीकरची वायर उपटली.

त्यांची समजूत घालून वायर पुन्हा लावेपर्यंत माझी समाधी पुरती मोडली होती. म्हणून मी कान झाकणारे मोठे हेडफोन चढवले. बाहेर सुतळी बॉम्ब फुटला तरी आत कळू नये असे! संजूच्या ड्रमसमोरचा माईक माझ्याच लॅपटॉपला जोडला होता, त्यामुळे मला ऐकायचं ते सगळं आत ऐकू येत होतं. मी पुन्हा स्वर सोडला. संजूनं काठ्या उचलल्या.

वर्षभर त्यानं कशाला हात लावला नव्हता. पहिले ठेके अडखळत आले, जसं रडून उठलेलं माणूस बोलतं तसे. मग त्याचा हात मोकळा झाला. त्यात बाबांची चाल होती. फाट्यावरून वळताना ते जसा ठेका किंचित मागे ओढायचे, तसाच तो ओढत होता. मी त्याच्याखाली माझे स्वर अंथरत गेले. समोर बघितलं, तर अख्खा मांडव हातातल्या पत्रावळ्या हलवून ताल धरत होता! पुण्यात आमचे श्रोते मानसुद्धा हलवत नाहीत.

मधेच मामा उठले. जावई सासरी काम करतोय आणि त्याचा मानपान राहिलाय, हे त्यांना सहन होईना. त्यांनी टॉवेल-टोपी आणली, चालू कार्यक्रमात अमोलच्या डोक्यावर टोपी घातली आणि टॉवेल पांघरला. टॉवेलात निम्मा अमोल आणि अख्खा लॅपटॉप झाकला गेला. अमोल टोपीखालून माझ्याकडे डोळे मोठे करून काहीतरी खुणावत होता. मी समजले, "अप्रतिम!" म्हणतोय. मीही मान डोलावली.

मग टोल्याची वेळ झाली. मी माझे स्वर हळूहळू खाली आणले. संजूनं साइड ड्रम थांबवला, गादीची काठी उचलली, बाबांच्या ढोलाकडे बघितलं... आणि काठी खाली ठेवून पुन्हा साइड ड्रमवर सुरू झाला. मला वाटलं, सुचलं असेल काहीतरी. मीही नवे स्वर काढले. पुन्हा शेवटाजवळ आलो. पुन्हा त्यानं काठी उचलली, पुन्हा ठेवली. असं किती वेळा झालं देव जाणे! मामा मनगटावर बोट आपटत होते, आचारी लांबून झारा नाचवत होता. (तो "वरनावर साय धरून राह्यली!" असं ओरडत होता, हे मला नंतर कळलं. मी दाद समजून त्याला हात जोडले.) पहिल्या रांगेत बाबांच्या पार्टीतले म्हातारे वाजंत्री बसले होते. समोर पाण्याचे ग्लास, तळहातावर तंबाखू, पण कुणी पीत नव्हतं, कुणी मळत नव्हतं. टोला पडला नव्हता ना! भंतेजी शांतपणे बसून होते. सूर्य मात्र त्यांच्यासाठी थांबायला तयार नव्हता.

आणि लोक रडत होते! पदर डोळ्यांना लागले होते. माझा ऊर भरून आला. बाबा, बघा, बटनावरसुद्धा माणसं रडतात! मी डोळे मिटले आणि जीव ओतून, घाम गाळून बटणं दाबत राहिले.

कुणीतरी माझ्या कानावरचा हेडफोन उचलला. आई होती.

बाहेर फक्त संजूचा ड्रम वाजत होता. माझा एकही स्वर नव्हता.

"आई, स्पीकर...?"

"लाइट कवाच गेलीय. तू कानावर हे चढवलं, तवाच गेल्ती."

माझा लॅपटॉप बॅटरीवर चालला होता, फक्त माझ्यासाठी! वर बघितलं, पंखे बंद. पत्रावळ्या तालावर हलत नव्हत्या, लोक वारा घेत होते. अमोलला पहिल्यापासून कळलं होतं. पण सासरी लाइट गेली म्हणून जावयानं तक्रार कशी करायची!

"मंग हे लोक रडून कशाला राह्यले?"

"संजूचं ऐकून," आई म्हणाली. "आन् थोडं भुकंनं. ऊठ आता. तो तुझी वाट बघून राह्यलाय."

"माझी?"

संजू न थांबता वाजवत होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "ताई, मला न्हाई होत," तो म्हणाला. "मी टोला मारला तर बाबा गेले असं होईल. मोठी तू हायेस. तू मार."

मी उठले. गादीची काठी उचलली. मुठीच्या जागी ती काळी, गुळगुळीत झाली होती, आणि ती जागा माझ्या मुठीपेक्षा मोठी होती. संजू थांबला. माझ्यापुढे फक्त तो ढोल होता. हा टोला पडला, की बाबांची वरात संपणार होती. मला ती संपायला नको होती. पण आईला झोप हवी होती.

डोळे पाण्यानं भरलेले. मी काठी उचलली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून मारली.

ठक्क!

कडेवर. लाकडावर. लहानपणी पडायचा तिथंच.

क्लॅरोनेटवाले काका तळहातावरची तंबाखू सांभाळत हळूच म्हणाले, "ह्याला पडला म्हनायचं का न्हाई?"

सगळे आईकडे बघायला लागले. आईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, संपलं सगळं, एवढं एक काम सांगितलं होतं तिनं. पण आई हसत होती! "बिलकुल तस्संच!" ती म्हणाली. "म्हनतच होते ते, पोरीचा हात लाकडाचा हाय! आज असते ना, तर काठी हिसकून तुलाच हानली असती!" हसता हसता ती ढोलाला धरून खाली बसली, आणि मग तो हसण्याचा आवाज राहिला नाही. वर्षभर साठवलेलं ती रडली. मी आणि संजू तिच्या दोन्ही बाजूंनी बसलो. संजूनं कपाळ ढोलावर टेकवलं होतं.

बऱ्याच वेळानं आईनं डोळे पुसले. "पडला टोला," ती पार्टीच्या माणसांना म्हणाली. "मालकिनीनं मारलाय. जसा हाय तसा बराबर हाय. उठा, पानं वाढा."

पहिल्या रांगेत तंबाखू मळली गेली. लोक पाणी प्यायले. मध्यान्ह मात्र टळून गेला होता, त्यामुळे भंतेजींना लिंबाच्या सरबतावर भागवावं लागलं. मी हात जोडून माफी मागितली. ते मंद हसले. "सगळं अनित्य आहे, ताई," ते म्हणाले. "तुमचा कार्यक्रम सोडून."

आणि पारूआत्या टेबलापाशीच बसलेली होती. "झालं ना गानं? मंग घे आता अंगठा!"

आई त्या दिवसापासून झोपते म्हणे. ढोल आहे तिथंच आहे. पुण्यात कुणी विचारलं, की तुमचा सर्वांत गाजलेला कार्यक्रम कुठला, तर मी छाती फुगवून वाटूरचं नाव घेते. मांडव रडला, जेवणं खोळंबली, भंतेजी उपाशी राहिले! फक्त एक गोष्ट सांगायची टाळते. सुरुवातीचं ते 'अर्थिंग' सोडलं, तर अख्ख्या कार्यक्रमात माझं म्हणून लोकांना जे ऐकू गेलं, ते एवढंच: ठक्क.