पहिल्या ताटलीचं कुंकू

आमच्या वर्कशॉपात नव्या कामाचा पहिला नग तयार झाला की तो आधी घरी जायचा. बायको त्याला हळदकुंकू लावायची, मग माल गिऱ्हाइकाकडे. पनवेलच्या बाजारामागे भाड्याच्या खोलीत एक जुनी लेथ टाकली, तेव्हापासूनची ही रीत.

क्वांटम कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीची इंजिनिअर मुलगी ड्रॉइंग घेऊन आली. त्या यंत्राला भयंकर थंडी लागते. थंडी तयार करणाऱ्या भागात तांब्याच्या भोकं पाडलेल्या ताटल्या एकीखाली एक टांगतात. परदेशातून यायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून एक इथे करून बघायची होती. भावावरून मी तिला रडकुंडीला आणलं, तरी ती चहा संपवून म्हणाली, "काका, हातमोजे घालूनच धरायची. तेलाचा थेंब नको."

मी सगळं पाळलं. पण कुंकू म्हणजे डाग, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात येणार?

तिचा फोन आला. "काका, ताटलीवर लाल काय आहे?"

"कुंकू."

"त्यातलं तेल यंत्राच्या आतल्या निर्वात पोकळीत सगळीकडे पसरतं हो."

मी फोनवरच भडकलो. शुभ वस्तूला घाण म्हणता, तुमची यंत्रं तुम्हालाच लखलाभ, असं बरंच काही बोललो. तिने माझं बोलणं संपू दिलं. मग म्हणाली, "धुतलीय मी. माप अगदी बरोबर आलंय. बसवणार आहोत."

बायकोचं तेव्हा डायलिसिस सुरू होतं. ती आपटा गावची. माहेरी तिने सगळ्यांना सांगून ठेवलेलं की यांच्या हातची ताटली त्या यंत्रात जाणार, फोटो आला की पाठवते. दवाखान्यातून घरी आली की उशीला टेकायच्या आत विचारायची, "बसली का आपली ताटली, का नाय अजून?"

नव्हती बसली. एका दुपारी ती मुलगी स्वतःच ताटली परत घेऊन घरी आली. पैसे लावणाऱ्यांनी यंत्राचं काम थांबवलं होतं. आता फक्त सॉफ्टवेअर लिहायचं आणि ते परदेशातल्या कुणाच्या तरी यंत्रावर इंटरनेटवरून चालवून बघायचं.

"गिऱ्हाईक नाही?" मी विचारलं.

"आहेत. मोठ्या कंपन्या येतात, प्रयोग करून बघतात. पण रोजचं काम त्यावर टाकत नाही कुणी. साधा कॉम्प्युटर अजून बरा पडतो."

"मग विकता काय तुम्ही?"

"पुढची दहा वर्षं, काका."

"मी असा माल विकला असता तर बाजाराने जोड्याने मारलं असतं."

आतून बायकोने हाक मारली. मुलगी तिच्या पलंगाशी जाऊन बसली.

"चालतं तरी का गं ते यंत्र?"

"चालतं काकू, पण चुका फार करतं. जरा धक्का लागला की बिघडतं."

"मग यांच्यासारखंच हाय. ओरडत तरी नसेल."

दोघी हसल्या. ताटली मांडीवर घेऊन बायको बराच वेळ तिची भोकं बोटाने चाचपत राहिली. परत विचारलं नाही तिने. दिवाळीच्या आत गेली.

त्यांच्या मीटिंगा, त्यांचे पैसे, त्यांची ती दहा वर्षं, मला काही घेणंदेणं नाही. पण तयार ताटली चार स्क्रूंवर टांगून एक फोटो काढायला त्यांचं काय जात होतं? हे मी त्या मुलीला बोललोय. पुन्हा बोलेन.

यंदा तिचा फोन आला. सरकारकडून मदत मिळाली होती, यंत्र पुन्हा उभं राहत होतं. यंत्र अजून चुकतंच, पण पूर्वीपेक्षा कमी, म्हणाली. ताटल्या हव्या होत्या. मी चढा भाव सांगितला. तिने घासाघीस केली नाही, मग मलाही भांडायला काही उरलं नाही.

पहिली ताटली लेथवरून उतरली. कामावरच्या पोरांनी घरी न्यायची का म्हणून माझ्याकडे बघितलं. मी हातमोजे घातले, ती धुतली, प्लास्टिकमध्ये बंद केली आणि वर्कशॉपातूनच पाठवून दिली.

या वेळी त्यांची काही तक्रार आली नाही.