साहेब निघालेत आणि दूध आलंय

"मॅडम, समदं झकास हाय. फकस्त स्टेज कुठं दिसंना."

पडद्यावर माझी शेवटची स्लाइड होती. बोलले ते अण्णा, खवा उत्पादकांच्या कंपनीचे चेअरमन. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याच्या कोपऱ्यात काही राहिलंय का ते शोधत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेले संचालकही तेच शोधत होते.

"स्टेज नाहीच आहे अण्णा. तोच तर कन्सेप्ट आहे."

"असू द्या की कन्सेप्ट. स्टेजवर ठिवू."

मी धाराशिवमध्ये इव्हेंट डिझाइन करते. झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. कार्डावर 'एक्सपीरियन्स डिझायनर' असं छापलंय, पण लोक मला डेकोरेशनवाल्या मॅडम म्हणतात. फरक एवढाच की डेकोरेशनवाला जागा सजवतो आणि मी आलेल्या माणसाला काय दिसेल, काय हाताला लागेल आणि घरी जाताना काय लक्षात राहील, ते आधी ठरवते. ही आखणी म्हणजे कन्सेप्ट. तो गिऱ्हाईकापुढे मांडायचा आणि त्याच्या गळी उतरवायचा, त्याला म्हणतात पिच. गिऱ्हाईक सात-आठ जणांचं असलं की पिच दोन-तीनदा करावं लागतं आणि दर वेळी कन्सेप्ट थोडा थोडा मरतो.

काम भूम तालुक्यातलं होतं. या भागात गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत. खवा व्यापाऱ्याच्या गाडीत चढतो, शहरात जाऊन दुसऱ्या खव्यात मिसळतो आणि कुणी बनवला ते कुणालाच कळत नाही. भट्टीवाल्यांनी कंपनी काढली ती यासाठीच, की मिठाईवाल्यांनी थेट भट्टीवरून माल घ्यावा. सोलापूर, बार्शी, लातूर, तुळजापूर इथले पंधरा मिठाईवाले एका सकाळी येणार होते. एकच बस. बाराला परत निघायचं, कारण दुपारनंतर त्यांना दुकानं बघायची होती. एवढ्या वेळात त्यांना खवा पटला तर पटला, नाहीतर पुन्हा हे सगळे एका जागी येणं कठीण होतं.

पिचच्या आधी मी रेकी केली. रेकी म्हणजे जागा स्वतः जाऊन बघणं. तिथं एका भट्टीवर रुक्मिणकाकू भेटल्या. साठीच्या पुढच्या, कपाळावर घाम, हातात लांब दांड्याचं उलथनं. कढईत दूध उकळत होतं आणि काकू माझ्याशी बोलत होत्या. दुधाकडे बघत नव्हत्या.

"काकू, लागेल की बुडाला."

"कानानं कळतंय. पातळ असतंय तवा खळखळतंय. दाट झालं की आवाज जड येतो. मग बगायचं."

"तुमचा खवा जातो कुठं?"

"गाडीत." मग हसून म्हणाल्या, "येकदा तुळजापूरला देवीला गेलो हुतो. पेढा तोंडात टाकला अन् म्हणलं, ह्यो माजा खवा हाय. दुकानदार लई हसला. गिऱ्हाइकं बी हसली."

त्या हसत सांगत होत्या, पण ते त्यांना लागलेलं होतं. माझा कन्सेप्ट तिथंच ठरला.

तो असा. पाहुण्यांनी दुधाच्या मागून चालायचं. आधी गोठा, मग दूध तपासायची जागा, मग भट्टी. भट्टीवर प्रत्येकानं उलथनं हातात घ्यायचं. खवा कढईपासून सुटतो तो क्षण सगळ्यांनी एकत्र बघायचा. आमच्या धंद्यात अशा क्षणाला हीरो मोमेंट म्हणतात, म्हणजे बाकी सगळं विसरलं तरी जे आठवतं ते. आणि तो खवा ज्या बॉक्समधून पाहुणे नेतील, त्यावर बनवणाऱ्या बाईचं नाव. भाषण नाही, सत्कार नाही, स्टेज नाही.

त्यावर अण्णांचं उत्तर तुम्ही वाचलंच आहे.

दुसऱ्या पिचला मी शहाणपणा केला. एका बाजूला छोटं स्टेज दिलं, पाच खुर्च्या ठेवल्या. आठवड्यानं अण्णांच्या माणसानं सुधारित यादी पाठवली. स्टेज चाळीस फूट. पुढच्या रांगेत सोफे. एकोणीस सत्कार, प्रत्येकी शाल, श्रीफळ, बुके. उद्घाटनाला साहेब. साहेब म्हणजे या भागातले मोठे पुढारी. आणि शेवटची ओळ अशी होती: 'स्टेजवर खवा भट्टीची थर्मोकोलमधील आकर्षक प्रतिकृती.'

मी फोन केला. "अण्णा, गावात खऱ्या भट्ट्या आहेत. थर्मोकोलची कशाला?"

"धूर लागतुया मॅडम. साहेबांना दम्याचा तरास हाय."

"मग जाळ?"

"आत नारंगी बल्ब लावायचा. फडकी सोडायची, खालनं फॅन. लई वरिजनल दिसतंय."

मी पाणी प्यायले. तोंडावर येणाऱ्या बऱ्याच गोष्टी मी पाण्याबरोबर गिळते. मग यादीबरोबर आलेला निमंत्रण पत्रिकेचा नमुना उघडला. दोन्ही बाजू नावांनी भरलेल्या. माजी, आजी, भावी, सगळे. भट्टीवाल्या बायका शेवटच्या ओळीत, 'व समस्त भट्टीधारक' एवढ्यात बसवलेल्या. रुक्मिणकाकूंचं नाव कुठंच नव्हतं.

काम सोडून द्यावंसं वाटलं. पण तो हसणारा दुकानदार काही डोक्यातून जाईना. म्हणून तिसऱ्यांदा लॅपटॉप उचलून गेले.

तिसरं पिच माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट पिच होतं. मी चिडलेली होते आणि चिडले की मी इंग्रजी जास्त बोलते. 'व्हिजिटर जर्नी', 'इमर्सिव्ह', 'एंगेजमेंट'. एक संचालक मोबाईलवर कुणाच्यातरी लग्नाचा व्हिडिओ बघत होते, आवाजासकट. अण्णा दर स्लाइडला 'झकास' म्हणत होते. अण्णांचा 'झकास' म्हणजे 'ऐकलं, पण करणार नाही', हे एव्हाना मला कळलं होतं.

महिला प्रतिनिधी म्हणून रुक्मिणकाकूंना बोलावलं होतं. त्या दाराशी सतरंजीवर बसल्या होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "अण्णा, साहेब किती वाजता येणार हैत?"

"नऊला."

"म्हंजी बारा," काकू म्हणाल्या. हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत, हिशेब म्हणून बोलल्या. "अन् दूध येतंय पावणेनऊला. मार्चातलं ऊन. तवर दुधाचं काय करायचं?"

लग्नाचा व्हिडिओ बंद झाला. त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या दारात म्हशी होत्या. माझी जर्नी आणि एंगेजमेंट त्यांना हवेतल्या गोष्टी वाटत होत्या, पण नासलेलं दूध प्रत्येकानं हातानं ओतून दिलेलं होतं.

"व्हय की," व्हिडिओवाले संचालक म्हणाले.

तीन पिचमध्ये मला जे जमलं नाही, ते काकूंच्या एका प्रश्नानं झालं. ठरलं असं की कार्यक्रम दुधानं सुरू होईल, खऱ्या भट्टीवर. स्टेज राहील, पण भट्टीसमोरच्या मोकळ्या जागेत. थर्मोकोलच्या भट्टीची ऑर्डर गेली होती, म्हणून ती प्रवेशाच्या कमानीशेजारी ठेवायची. "तवर साहेब येतीलच," असं अण्णांनी तरीही जोडलं. मला आनंद झाला आणि रागही आला. बक्कळ स्लाइड्स केल्या होत्या मी.

कार्यक्रमाच्या दिवशी बस सव्वाआठला आली. पाहुणे गोठा बघून आले, दूध तपासताना बघितलं. पावणेनऊला कॅन भट्टीपाशी आले. जाळ पेटलेला होता. कढई तापत होती.

अण्णा फोन कानाला लावून आले. "साहेब निघालेत. जरा थांबू."

आमच्याकडे 'निघालेत' याचा अर्थ माणूस अंघोळीला निघाला असाही होतो. पंधरा मिठाईवाले लाल खुर्च्यांवर बसले. त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. साडेनऊ झाले. तुळजापूरचे एक मिठाईवाले, जाड अंगठ्या घातलेले, सारखे घड्याळ बघत होते. माइकवर कुणीतरी 'हॅलो, चेक, हॅलो' करत होतं.

"निघालेत," अण्णा पुन्हा म्हणाले. त्यांनाही घाम फुटला होता. साहेबांना सोडून सुरू केलं तर साहेब रागावणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आता जे मी केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. तीन पिच ज्या गोष्टीसाठी भांडले, त्याच गोष्टीवर पाणी सोडून मी काकूंपाशी जाऊन म्हणाले, "काकू, अजून दहा मिनिटं थांबता येईल का?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तुमी बी?"

मग त्या कॅनपाशी गेल्या, झाकण काढलं, वाकून वास घेतला. अण्णांना हाक मारली.

"अण्णा, ह्ये पैले दोन क्यान तुमच्याच घरचे हैत. वास घ्या. आजून चांगलं हाय, पर लई येळ न्हाय ऱ्हायचं. थांबा म्हणा, थांबते. पर मग त्या बाक्सावरचं माजं नाव आदी खरडून काडा. नासक्या दुधाच्या खव्यावर म्या माजं नाव लावू द्यायची न्हाय."

बॉक्सवरची नावं मी छापून घेतली होती. गमावण्यासारखं काहीतरी मीच त्यांच्या हातात दिलं होतं आणि मीच त्यांना थांबायला सांगत होते.

अण्णा वाकले. वास घेतला. हातातल्या फोनकडे बघितलं. तो पुन्हा वाजत होता.

"घाला," अण्णा म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

दूध कढईत पडलं. खुर्च्यांवरचे पंधराही जण न सांगता उठून भोवती आले. अंगठीवाल्यांनी उलथनं घेतलं, थोडा वेळ हलवलं आणि थांबले. "हात भरून आला हो."

"हलवा," काकू म्हणाल्या. "लागंल बुडाला."

त्यांची थांबायची हिंमत झाली नाही. आळीपाळीनं सगळ्यांनी हलवलं. बऱ्याच वेळानं काकूंनी हात वर केला. "आता ऐका."

माइकवर अजून 'हॅलो, चेक' चालू होतं. मी जाऊन प्लग उपसला. मग सगळ्यांना ऐकू आलं. खळखळ थांबली होती आणि जड, सावकाश आवाज येत होता. खवा कढई सोडून एकत्र आला. माझ्या सगळ्या स्लाइड्समध्ये जे मावलं नव्हतं ते हेच होतं, आणि माझे डोळे भरून आले. धुरानं, असं मी अण्णांना सांगितलं.

अंगठीवाल्यांनी बोटावर खवा घेऊन चाखला, पुन्हा चाखला. "ही चव माझ्या ओळखीची आहे."

"आसंल की," काकू म्हणाल्या.

बस बाराला गेली. साहेब पाऊण वाजता आले. एकोणीस सत्कार रिकाम्या लाल खुर्च्यांपुढे झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. कमानीजवळच्या थर्मोकोलच्या भट्टीपुढे साहेब वाकलेले, खाली मजकूर, 'खवा निर्मितीची प्रक्रिया जाणून घेताना'. फोटोत जाळ मात्र खरंच वरिजनल दिसत होता.

पंधरापैकी सहा जण आता थेट भट्टीवरून खवा घेतात. तुळजापूरचे अंगठीवाले फक्त काकूंचा घेतात आणि नावाचा बॉक्स दुकानात दर्शनी ठेवतात. मध्यंतरी काकू देवीला जाऊन आल्या. मी विचारलं, अंगठीवाल्यांच्या दुकानात गेलात का?

"गेले की."

"काय म्हणाले?"

"बसाया खुर्ची दिली," काकू म्हणाल्या.

या कामातून मी एक शिकले. आता नवीन गिऱ्हाईक आलं की लॅपटॉप उघडायच्या आधी विचारते, तुमच्या कार्यक्रमात वाट बघत बसलं तर काय नासेल? जे नासणार असेल तिथून मी सुरुवात करते आणि मग कुणासाठी थांबत नाही. बरेच जण विचार करून सांगतात, की मॅडम, तसं काहीच नाही.

त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांना स्टेज देते, चाळीस फुटी.