नवतप्यात मोजलेला रस्ता

आमच्या दारातून विहाराची पायरी दिसते. मध्ये फक्त रस्ता आहे, रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्याच्या गल्ल्यांमधून निघून बाजाराकडे जाणारा. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी ती पांढरी साडी नेसून हा रस्ता ओलांडायची आणि विहारात जायची. वंदना तीच सांगायची, बाकीचे तिच्या मागून म्हणायचे. मोहल्ल्यातल्या तरुण पोरींना मराठी समजतं, पण त्या उत्तर हिंदीत देतात. पालीचा उच्चार चुकला तर मात्र त्या आईकडे बघत, आणि आई डोळे मिटलेल्या अवस्थेतच तो शब्द पुन्हा म्हणे.

मी लहान होते तेव्हा रस्ता ओलांडणं हे वेगळं काम नव्हतं. रिक्षावाला ब्रेक लावायचा, सायकलवाला शिवी द्यायचा, आपण पलीकडे पोचायचो. मग राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं. मंत्री आले, त्यांचे ताफे आले. शहराबाहेर सिलतऱ्यात लोखंडाचे कारखाने वाढले, तसतशा मालकांच्या गाड्या मोठ्या झाल्या. रस्ता होता तेवढाच राहिला, म्हणून आधी फुटपाथ कापला. त्याला रस्ता रुंद करणं म्हणत, आणि ती बातमी आनंदाची समजून पहिल्या पानावर लागे. ज्या हिंदी दैनिकात ती लागे, तिथे मी शहराच्या बातम्यांचं काम बघत होते.

एका संध्याकाळी उलट्या दिशेने आलेल्या एका स्कूटरने आईला पाडलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं की सपाट जागेवर जितकं चालाल तितकं चांगलं, जिना मात्र चढायचा नाही.

काठी घेऊन ती दारापर्यंत येऊ लागली. विहारात जायला कुणीतरी हात धरायला हवं होतं. कधी मी, कधी शेजारच्या वहिनी, कधी पलीकडून कुणी येई. मला ऑफिसातून उशीर झाला की ती तयार होऊन खुर्चीत बसलेली असे. एकदा मी धावत आले आणि म्हटलं, "चल, सोडून देते."

"मी का पार्सल आहो, सोडून द्याले?" ती म्हणाली. "मले कोणी पोचवून नाही पायजे. मले जाता आलं पायजे."

तिचं म्हणणं एवढंच होतं. ते तिने नंतर अनेक ठिकाणी सांगितलं, आणि कुणालाच ते ऐकू गेलं नाही.

त्याच सुमाराला आमचा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी नव्याने बांधायचं ठरलं. योजनेच्या नावातच पायी चालणारा आधी होता. नकाशा मी पाहिला, आणि तो चांगला होता, हे नोंदवायला हवं. फुटपाथ रुंद होता. विहाराच्या गल्लीसमोर रस्ता फुटपाथच्या उंचीपर्यंत उचललेला होता, म्हणजे माणसाने खाली उतरायचं नाही, गाडीने चढायचं आणि चढताना हळू व्हायचं. नकाशाची प्रत मी घरी आणली. आईने चष्मा लावला.

"मी कुठून जाईन?"

मी बोट ठेवलं.

"पायरी?"

"एकही नाही."

तिने नकाशा उचलून उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहिला. दुसऱ्या दिवशी विहारात तिने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली.

आमच्या ऑफिसात ठरलं की माझं घर त्या रस्त्यावर असल्यामुळे ही बातमी मी करायची नाही. नियम बरोबर होता. बातमी एका सहकाऱ्याकडे गेली.

मग नवतपा आला. ज्येष्ठातल्या ज्या नऊ दिवसांत सूर्य सगळ्यात जास्त भाजतो, त्यांना आमच्याकडे नवतपा म्हणतात. रायपूरमध्ये त्या दिवसांत दुपारी कुणी बाहेर पडत नाही. जुन्या बाजारातली दुकानं शटर अर्धं खाली ओढतात, दुकानदार आत पंख्याखाली आडवे होतात. शहर सकाळी एकदा जागं होतं आणि ऊन उतरल्यावर दुसऱ्यांदा. ही माहिती मिळवायला अभ्यास लागत नाही. इथं एक उन्हाळा काढावा लागतो.

माझी त्या दिवशी सुट्टी होती. भर दुपारी आई दार लावायला गेली आणि तिथेच थांबली. समोरच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली दोन माणसं खुर्च्या टाकून बसली होती. डोक्याला ओले गमछे, हातात आकडे पुढे सरकवायचं यंत्र. आईने पाण्याचा जग आणि दोन पेले माझ्या हातात दिले आणि काठी टेकत माझ्यासोबत रस्त्यापलीकडे आली. रस्ता इतका रिकामा होता की तिला तो सावकाश ओलांडता आला.

"क्या कर रहे हो भैया? लू लग जाएगी."

"सर्वे है, माताजी. पैदल चलने वालों को गिन रहे हैं."

आईने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "अभी? नवतपा में?"

"कंपनी ने यही टाइम दिया है."

"तो कितने मिले?"

तो हसला. "आप दोनों को मिला के? बताने लायक नहीं हैं, माताजी."

दुसरा पाणी पीत म्हणाला, "दोपहर में गाड़ियाँ कम रहती हैं, बैठने को छाँव मिल जाती है. शाम को यहाँ खड़े होने की जगह कहाँ है?"

"अरे बाप्पा," आई म्हणाली, "वही तो गिनना है!"

ती माणसं वाईट नव्हती. बाहेरच्या राज्यातल्या एका सल्लागार कंपनीने त्यांना पाठवलं होतं, आणि त्या कंपनीला नवतपा ठाऊक नसणं मी समजू शकते. पण मोजणीची वेळ मंजूर करणारा सरकारी विभाग रायपूरचा होता. तिथली माणसं रायपूरची होती. त्या दुपारी तीही आपापल्या कूलरसमोर बसली होती. मी विभागात फोन केला. पलीकडच्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मैडम, ये तकनीकी विषय है." माणसं घरात असताना रस्त्यावर मोजू नयेत, यात तंत्राचा भाग कोणता, हे मी विचारलं. फोन ठेवला गेला.

पाऊसकाळ संपल्यावर विभागाने नागरिकांची सभा बोलावली. पडद्यावर नवा आराखडा लावला. नाव तेच होतं, पायी चालणारा आधी. विहारासमोरचा उचललेला रस्ता नव्हता. त्याऐवजी रस्त्याच्या मधोमध, चौकापासून चौकापर्यंत, छातीएवढी लोखंडी जाळी होती आणि एक पादचारी पूल होता. पूल म्हणजे दोन बाजूंना जिने. फुटपाथची अर्धी रुंदी पार्किंगला दिली होती. कारण एका ओळीत सांगितलं गेलं: सर्वेक्षणात या ठिकाणी पायी ओलांडणाऱ्यांची संख्या नगण्य आढळली.

दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. ज्याच्याकडून आई वर्षानुवर्षं साड्या घेत होती तो कापडवाला उठून म्हणाला, "साहब, ग्राहक तो गाड़ी से ही आता है."

आई उठली. काठीचा आवाज झाला म्हणून लोकांनी वळून पाहिलं.

"मैं क्या उड़ के आती हूँ तुम्हारी दुकान में?"

सभा हसली. कापडवालाही हसला. "अरे बाई, आपकी बात अलग है."

"काहून अलग? मायी एकटीचीच काहून अलग?" ती रागावली की मराठीत जाते. मग स्वतःला आवरून ती अधिकाऱ्याकडे वळली. "साहब, मेरे कूल्हे में सलाख है. सीढ़ी मना है. मैं उस पार कैसे जाऊँ?"

"माताजी, पुल आप ही लोगों की सुरक्षा के लिए है. लिफ्ट का भी प्रावधान है, आगे चलकर."

"तब तक?"

"तब तक कोई साथ में ले जाएगा. घर में बच्चे होंगे न?"

तो प्रेमाने बोलला. हे मला आजही सगळ्यात जास्त चीड आणणारं वाटतं. माणसाचं चालणं काढून घेतल्यावर त्याच्या मुलांची चौकशी केली की काम संपतं, असं त्या आवाजात होतं.

आई म्हणाली, "गिनती एक बार शाम को कर लो. एक ही शाम. कुर्सी मैं दूँगी, चाय मैं पिलाऊँगी."

पुन्हा हसू आलं. अधिकारीही हसला. "माताजी, टेंडर हो चुका है."

दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात बातमी होती की नागरिकांनी योजनेचं स्वागत केलं. मी सहकाऱ्याला विचारलं.

"दीदी, प्रेस नोट में यही था," तो म्हणाला. "और आंटी की बात डालता तो लोग कहते, घर की खबर छापी है."

म्हणजे बातमी निष्पक्ष राहावी म्हणून आईचं म्हणणं गाळलं गेलं आणि विभागाचं म्हणणं जसंच्या तसं छापलं गेलं. संपादकांना मी तेच सांगितलं. ते म्हणाले की मुद्दा विचार करण्यासारखा आहे. विचार त्यांनी केला असेल. छापलं काहीच नाही.

काम लवकर झालं. जाळी हिरव्या रंगाची होती. लोकार्पणाच्या सकाळी पाहुणे येणार म्हणून रस्ता पायी चालणाऱ्यांना बंद केला. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया दोरीच्या अलीकडे उभ्या होत्या. गाड्यांचा ताफा आला, बँड वाजला, पाहुणे पुलावर चढले, फोटोसाठी हात हलवले आणि चढले त्याच जिन्याने खाली उतरले, कारण गाड्या त्याच बाजूला उभ्या होत्या. पलीकडे कुणीच गेलं नाही.

दुपारी, सगळं आटोपल्यावर, आई पूल बघायला गेली. पहिल्या पायरीपाशी थांबली. पायरीची उंची काठीने पाहिली. वर पाहिलं. जिन्याच्या दोन्ही कठड्यांना दागिन्यांची जाहिरात लावली होती. ती परत आली आणि पोळ्या करायला बसली.

लोकांनी काही आठवड्यांत जाळीची एक सळई वाकवली. माणूस आडवा होऊन त्यातून जाऊ शके. आईला ते जमणारं नव्हतं. विभागाने ती फट जोडून टाकली, लोकांनी दुसरीकडे वाकवली. पुलावर पतंग उडवणारे जात आणि सिगारेट ओढणारे. संध्याकाळी मी ऑफिसातून येताना पुलाखाली माणसांची दाटी पाहायचे. सगळे फटीतून वाकून पलीकडे जात होते. यांचीच संख्या नगण्य ठरली होती.

मी म्हटलं, स्कूटरवर नेते. जाळी संपते त्या चौकापर्यंत जाऊन वळून यायचं. एक दिवस ती आली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "विहार घराच्या समोर हाये, अन् मी पेट्रोल जाळून तिथं जाऊ?" त्या दिवसापासून ती पायी निघाली, एकटी. फुटपाथवरून चौकापर्यंत, तिथे सिग्नलला रस्ता ओलांडून, पलीकडच्या बाजूने परत विहारापर्यंत. फुटपाथवर स्कूटर असायच्या. त्या ग्राहकांच्या नव्हत्या. प्रत्येक दुकानदार सकाळी आपली गाडी स्वतःच्या दुकानासमोर लावतो, म्हणजे दुसऱ्याने तिथे लावू नये. आईला प्रत्येक गाडीपाशी खाली उतरावं आणि पुन्हा वर चढावं लागे.

एकदा मी तिला न सांगता मागून गेले. चौकात गाड्यांना वेळ होता, वळणाऱ्या गाड्यांनाही होता, पायी माणसाला नव्हता. ती थांबली. तिने सिग्नल जाऊ दिले. एका ऑटोवाल्याने शेवटी हात बाहेर काढून मागच्यांना थांबवलं आणि ओरडला, "जाइए दाई, जाइए!" ती पोचली तेव्हा बाया विहाराबाहेर चपला घालत होत्या.

"झाली?" तिने विचारलं.

"झाली, आई," त्यांच्यातली एक म्हणाली.

ती आत गेली, बसली, एकटीने वंदना म्हटली आणि आली त्याच रस्त्याने परत निघाली.

काही दिवसांनी विहारातल्या लोकांनी वंदनेची वेळ पुढे ढकलली. आईला पोचता यावं म्हणून. तिला कारण सांगितलं नाही. ती पुन्हा वंदना सांगू लागली, आणि घरी येऊन जेवताना बोलू लागली. मला बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच चीड येत होती. रस्ता बोटभरही हलला नव्हता, सगळा मोहल्ला सरकला होता.

मग तिला कळलं. भनपुरीकडे कामाला जाणाऱ्या, लांब राहणाऱ्या दोन मुली वंदनेला येईनाशा झाल्या होत्या. आईने विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आता वंदना संपते तेव्हा घराकडे जाणारी शेवटची बस निघून गेलेली असते. आईने शेजारच्या वहिनींना विहारात गाठलं.

"वेळ काहून बदलली वं?"

वहिनी इकडेतिकडे बघू लागल्या. "तसंच, आई. सगळ्यायले सोयीचं."

"सगळ्यायले? ह्या पोट्ट्यायले घरी कोण पोचवून देईल? मायासाठी ह्यायची वंदना बुडवता?"

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "उद्यापासून मी घरीच म्हणत जाईन." मी म्हटलं, आपण अर्ज करू, कोर्टात जाऊ. तिने मला बोलू दिलं. मग विचारलं, "तवरक त्या पोट्ट्या कशा येतील?"



दुसऱ्या दिवसापासून वंदना जुन्या वेळेला सुरू झाली. वंदना आता त्या दोन मुलींपैकी एक सांगते.