गोमुखी पाया

काल शेजाऱ्यांनी मुरमावर पाणी मारलं आणि त्या वासानं माझं डोकं पुन्हा फिरलं.

काही वर्षांपूर्वी वालूरच्या घरी परसात खुरपी-फावडी ठेवायला छोटी खोली बांधायची होती. काळी माती उपसून मुरूम लागला, मी दोरी काटकोनात ताणली. तेवढ्यात सासऱ्यांनी मागची खुंटी वीतभर बाहेर सरकवली.

"पाया गोमुखी पायजे. म्होरं अरुंद, मागं रुंद. लक्ष्मी टिकती."

"मामा, फावड्याला लक्ष्मी कशाला? पत्रे चौकोनी आणलेत!"

"तुला न्हाई कळायचं."

पाया तसाच भरला. मागच्या कोपऱ्यात पत्रा वीतभर कमी पडला, तो कायमचाच. मामा गेले, फावडी गंजली. लक्ष्मी काही फिरकली नाही. पाऊस मात्र दरवर्षी त्याच कोपऱ्यातून घरच्यासारखा आत येतो.