पंधरा रियालचं तिकीट आणि गेटवरचे मामा

माझ्या रूममेटच्या मामांइतकी दुसऱ्यांच्या गर्दीची काळजी करणारा माणूस आख्ख्या कतारमध्ये सापडणार नाही, आणि मला या माणसाने जेवढं दमवलंय तेवढं माझ्या मॅनेजरनेसुद्धा दमवलेलं नाही. लग्न असो, मयत असो, शाळेचं गॅदरिंग असो, आत पाऊल टाकलं की मामा आधी खुर्च्या बघणार. किती मांडल्या, किती भरल्या, मागे कोण उगाच उभा आहे. एकदा मी त्यांना डेंटिस्टकडे घेऊन गेलो होतो. दाढ ठणकतेय, गाल पुरीसारखा फुगलाय, आणि हा माणूस वेटिंग रूममध्ये माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "आठ खुर्च्या, तीन माणसं. चालत नाही रे याचं." दाढ काढून बाहेर आले तेव्हा तोंडात कापूस, बोलता येईना, तरी मला हाताची पाच बोटं दाखवली. म्हणजे मधल्या वेळात दोन पेशंट वाढले होते. एवढं बरं वाटलं त्यांना की डॉक्टरला दोनदा शुक्रन, म्हणजे थँक्यू, म्हणून आले, तेही कापसातून.

मामा मूळचे वसईचे, इथे एका हॉस्पिटलच्या बेसमेंटमध्ये जुन्या फायली सांभाळतात, वीसेक वर्षं झाली असतील. खाली खिडकी नाही, माणूस नाही, फक्त रॅक. वरच्या मजल्यावर एक आयरिश हेड नर्स आहे, तिला सगळे नुसतं सिस्टर म्हणतात. इथल्या आयरिश लोकांचा एक क्लब आहे, सिस्टर त्याची सेक्रेटरी, आणि हे लोक अल वक्राला एका शाळेच्या ग्राउंडवर शुक्रवारी त्यांच्याकडचं गेलिक फुटबॉल खेळतात. म्हणजे काय, तर बॉल हातात धरून पळायचं, पळता पळता पायाने उडवून परत स्वतःच्याच हातात घ्यायचा, आणि समोरच्याने कितीही ढकललं तरी उठून परत पळायचं. शिक्षक, नर्सेस, इंजिनियर, सगळे आठवडाभर काम करून वर हे करतात, मला तर बघूनच थकवा येतो. तर आठ वर्षांपूर्वी सिस्टरला गेटवर तिकिटं फाडायला विश्वासाचा माणूस हवा होता. तिने बेसमेंटमध्ये येऊन विचारलं. मामा म्हणाले, "येस सिस्टर," आणि त्याच संध्याकाळी पांढरा शर्ट घेऊन आले.

मामांचा सख्खा भाचा, म्हणजे माझा रूममेट, दर शुक्रवारी बरोबर ड्युटी लावून घेतो. (मला आता कळतंय तो असं का करतो.) त्यामुळे बदली भाचा मी. रविवार ते गुरुवार लुसैलला ऑफिस, शनिवारी अर्धा दिवस, म्हणजे झोपायला उरला एकच शुक्रवार, आणि त्या शुक्रवारी नजमातल्या आमच्या रूमचं दार वाजणार, "यल्ला पोरा, टेबल उचलायचंय." टेबल फोल्डिंगचं. ते खांद्यावर घेऊन मेट्रो, मेट्रो संपली की बस, बस संपली की चालत. ग्राउंडवर टेबलं नाहीत का? ढीगभर आहेत. पण मामांना त्यांचंच टेबल लागतं, कारण शाळेचं हलतं आणि त्यांच्या मते हलणाऱ्या टेबलावर कोणी पैसे काढत नाही.

तिकीट पंधरा रियाल. पोरं फुकट. पंधरा रियालमध्ये एक शावर्मा, एक करक चहा येतो आणि वर सुट्टे उरतात, असं मी एकदा म्हणालो तर मामा म्हणाले, "मग जा, शावर्म्यासाठी टाळ्या वाजव." फुकट या शब्दाचा त्यांना मनापासून राग आहे. त्यांच्या गावात सणाला नाटक व्हायचं, तिकीट लावून, आणि एका वर्षी कमिटीने ते फुकट केलं. मामा ही गोष्ट अशी सांगतात की जणू गावात पटकी आली होती. लोक दुसऱ्या अंकात उगवले, स्टेजकडे पाठ करून बसले, पोरं पळत सुटली, आणि हिरॉईन रडत असताना कोणाचा तरी कुत्रा स्टेजवर चढून तिच्याकडे बघत बसला. "तिकीट असतं ना पोरा, तर तो कुत्रा खालीच बसला असता." मी टेबल उचलतो.

बरं, तिकीट खपलं की काम झालं असं नाही. मामांना पैसे नको असतात, माणूस हवा असतो. आमच्या खालच्या कॅफेटेरियावाल्याने एकदा भिडेपोटी पाच तिकिटं घेतली आणि आला नाही. दुसऱ्या दिवशी मामा पंच्याहत्तर रियाल घेऊन त्याच्या गल्ल्यासमोर उभे. तो बिचारा म्हणतोय रखो ना अंकल, क्लब को डोनेशन. मामा म्हणाले, "डोनेशन नहीं चाहिए. पाँच कुर्सी खाली थी मेरी." त्या दिवसापासून तो मला बघितलं तरी आत जातो, मी साधा चहा मागायला गेलो तरी.

तिकिटं विकण्याची त्यांची जागा ठरलेली. शुक्रवारी सकाळी मिस्सा सुटली की चर्चच्या पार्किंगमध्ये वसईवाले, आणि जुम्म्याची नमाज सुटली की आमच्या गल्लीतले रत्नागिरी-रायगडचे लोक. "काय चाचा, येणार ना?" "येतो की, इन्शाल्ला." आता इथे प्रत्येक जण इन्शाल्ला म्हणतो, पण मामांना त्याची लांबी कळते. छोटं, पटकन म्हटलेलं इन्शाल्ला म्हणजे येणार. मधलं म्हणजे हाफ टाइमला. आणि शेवटचा ला ओढत ओढत पार कोपऱ्यापर्यंत नेला की मामा तिकिटाचं पुस्तक मिटतात. मी टेस्ट केलंय, हा माणूस चुकत नाही.

आणि मोजायचं कसं, तर बोटात घालायचं ते डिजिटल काउंटर, जप मोजायला लोक वापरतात, नजमात कुठल्याही दुकानात पाच रियालला मिळतं. तिकीटवाला माणूस आत गेला, टिक; फुकटची पोरं धरायची नाहीत. मामांना तो चाळाच लागलाय. बसमध्ये चढणारी माणसंसुद्धा मोजतात. एकदा एका म्हाताऱ्या पठाणाला वाटलं हे केवढे जप करतायत, त्याने उठून जागा दिली. मामा बसले, आणि पुढच्या स्टॉपला चढलेल्या माणसाला टिक केलं.

तर गेल्या सीझनला झालं असं की गर्दी आटत गेली. जुन्या आयरिश फॅमिल्या परत गेल्या, नवे लोक घरी मोबाईलवर बघतात, उन्हाचं तर बोलायलाच नको. कधी सव्वाशे, कधी नव्वद. मग एका शुक्रवारी सिस्टर टेबलाशी आली, मामांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि कसंनुसं हसत म्हणाली की कमिटीला वाटतंय पुढच्या सीझनपासून एन्ट्री फ्री करावी, म्हणजे लोक येतील, आणि मग गेटवर टेबलाची गरजच नाही, तुम्हालाही आराम. आराम! मामांचा चेहरा बघायला हवा होता. ते एवढंच म्हणाले, "फायनल होऊ दे, सिस्टर. फायनलला तिकिटावर दोनशे आले तर?" सिस्टरने थोडा विचार केला. "दोनशे आले तर टेबल राहील. माझा शब्द."

परत येताना बसमध्ये मी म्हणालो, "मामा, सोडा ना. शुक्रवारी झोपा. मीपण झोपतो." तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खाली आठवडाभर मला कोण बघतं रे? फायली. इथे प्रत्येक माणूस माझ्या तोंडाकडे बघून आत जातो."

पुढचे तीन आठवडे काय सांगू. मामांनी मला ऑफिसात तिकिटं विकायला लावली. लिफ्टमध्ये, पँट्रीत, एकदा तर एचआरच्या मीटिंगमध्ये. एचआरवाल्या मॅडमने घेतलीसुद्धा दोन, बहुतेक मी जावं म्हणून. माझा आवाज बसला, पाय बसले, रूममेट मात्र मजेत, "मामा तुझ्यावर खूश आहेत हां." अरे, तुझे मामा आहेत ते!

फायनलच्या दिवशी वारा सुटला. धुळीचा. लोकांच्या इन्शाल्ला वाऱ्यासोबत लांब होत चालल्या, फोनवरून ऐकू येत होतं. तरी बरेच आले. वसईवाले दोन गाड्या भरून आले, गल्लीतले चाचा टोपीवर रुमाल बांधून आले, एचआरवाल्या मॅडम नवऱ्याला घेऊन आल्या, मी चाट! हाफ टाइमला काउंटरवर एकशे एकाहत्तर. मामांनी काउंटर माझ्या बोटात घातलं आणि स्वतः रस्त्यापर्यंत गेले, धुळीत हात हलवत, चुकलेल्या गाड्यांना वाट दाखवायला. चुकलेली एकच गाडी होती, तिच्यातून तीन माणसं उतरली. टिक, टिक, टिक. मग कोणी नाही. मी बघतोय, लांब रस्त्यावर तो पांढरा शर्ट उभा आहे, प्रत्येक गाडीला हात करतोय आणि गाड्या सरळ जातायत. आणि माझा अंगठा चालायला लागला. खरं सांगतो, मी ठरवलं वगैरे नव्हतं. एकशे ऐंशी. एकशे नव्वद. दोनशे तीनवर थांबलो, दोनशेवर थांबणं फारच खोटं वाटलं असतं.

मॅच संपली तेव्हा मामा धुळीने पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे परत आले. सिस्टरने माझ्या बोटाकडे बघितलं आणि ओरडलीच, "टू हंड्रेड अँड थ्री!" मामांना मिठी मारली तिने. मामा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली, फाडलेल्या तिकिटांचा डबा उपडा केला आणि दहा-दहाचे गठ्ठे लावले. सिस्टर उभी, मी उभा, वाऱ्याने गठ्ठे उडतायत, मामा परत लावतायत. मला वाटलं जमीन फाटावी आणि टेबलासकट मला आत घ्यावं. शेवटी ते उठून म्हणाले, "वन सेव्हंटी फोर, सिस्टर. मशीन चुकलं."

मला शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. बसमध्ये अर्ध्या रस्त्यात म्हणाले, "पोरा, खुर्चीवर हवा बसवलीस तू."

"सॉरी मामा. तुमच्यासाठीच."

"कळलं रे. मी पण विचार केला दोन मिनिटं, गप्प बसूया." मग डोळे मिटले. "पण मग पुढच्या वर्षी लोकांच्या तोंडाकडे कसं बघायचं?"

या सीझनला एन्ट्री फ्री झाली. गर्दी? सिस्टर सांगत होती, पहिल्या मॅचला दीडशे, दुसरीला शंभर, लोक येतात, फोटो काढतात, मधेच उठून जातात. मामा दोन्हीला गेले नाहीत. माझे शुक्रवार मोकळे झाले, आणि गंमत बघा, मला झोपच येईना. सहालाच डोळे उघडे. तिसऱ्या शुक्रवारी मीच त्यांच्या रूमवर गेलो. ते बनियनवर बसून बटाटे सोलत होते.

"चला मामा."

"गेटवर कोण आहे?"

"कोणी नाही. उघडं आहे."

"उघडं असतं तिथे कसं जायचं?" म्हणाले, पण शर्ट घातला. पांढरा नाही, चौकडीचा.

ग्राउंडच्या गेटपाशी ते थांबले, खरंच थांबले, जणू कोणीतरी आत जा म्हणायला हवं होतं. मीच म्हणालो, "या, या." आम्ही जाऊन पहिल्या रांगेत बसलो. थोड्या वेळाने बॉल उंच उडाला, गोलवरच्या आडव्या दांडीच्या वरून गेला, आणि सगळे ओरडले. मामा दचकले. "काय झालं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आठ वर्षं या माणसाची खुर्ची गेटकडे तोंड करून होती. ग्राउंड कायम पाठीमागे. मी मधेमधे वळून बघायचो, मामा कधीच नाही.

"पॉइंट झाला मामा. दांडीच्या वरून गेला की एक. खाली जाळीत गेला की तीन."

"असं होय?" ते पुढे सरकून बसले, हात गुडघ्यांवर. समोर दोन पोरं एकमेकांवर आदळली, पडली, उठून परत पळाली. मग माझ्याकडे न बघता, स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "एवढ्या लोकांना सांगत होतो मी, या, फर्स्ट क्लास मॅच आहे म्हणून." आणि थोडं थांबून, "चांगली आहे की रे."